शिक्षण सेवकाने शिक्षक संघटनेचं सभासद व्हावं का? झालं तर काम कसं करून घ्यावं?

नवी_नेमणूक:

नमस्कार. पवित्र पोर्टलमधून (राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून) निवड होऊन जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षण सेवक (पहिली तीन वर्षं मानधनावरचे शिक्षक) म्हणून रुजू झालेल्या आम्हा काही जणांच्या वतीने विचारतो आहे. तालुक्यात तीन-चार संघटनांचे पदाधिकारी पावती पुस्तक घेऊन भेटून गेले. सगळे आदराने बोलले, पण आमच्या मनातले प्रश्न तसेच राहिले.

सेवक कालावधीत संघटनेचं सभासद होता येतं का? झालो तर गोपनीय अहवालावर परिणाम होईल का? मानधन वेळेवर मिळणं, सेवापुस्तक आणि तीन वर्षांनंतरचं नियमितीकरण यांत संघटना नेमकं काय करू शकते आणि काय करू शकत नाही? आमच्या ओळखीतले दोघे मात्र खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत आहेत, त्यांना वेगळं काही लागू होतं का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

तालुका_सरचिटणीस:

सर, सभासद होता येतं. संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) मध्येच आहे, आणि सेवक म्हणून तो कमी होत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. ते एकदा मुळातून वाचा, पदाधिकाऱ्याच्या तोंडून ऐकू नका. सभासद असणं वेगळं आणि संपावर जाणं वेगळं. संपाच्या दिवसांचं मानधन कापलं जातं आणि सेवेत खंड पडण्याचा प्रश्न उभा राहतो. नियमित शिक्षकाला ते झेपतं, सेवकाला जड जातं. म्हणून चांगली तालुका शाखा सेवकांना संपात ओढत नाही. निवेदन, शिष्टमंडळ, सुट्टीच्या दिवशीचं धरणं इथपर्यंत त्यांना बरोबर ठेवते. तुमच्या शाखेचं धोरण काय आहे ते आधी विचारून घ्या.

गोपनीय अहवाल मुख्याध्यापक आणि त्यांच्या वरचे अधिकारी लिहितात. 'संघटनेत आहे' म्हणून कोणी शेरा खराब करणार नाही, पण 'टाचण (पाठाची लेखी पूर्वतयारी) नाही', 'मूल्यमापन नोंदी अपूर्ण' असा शेरा आला तर संघटनेलाही तो पुसता येत नाही. केंद्रप्रमुखांच्या प्रत्येक भेटीचा शेरा शेरेबुकात तारखेसह आहे ना हे बघा आणि त्या पानाचा फोटो ठेवा. पुढे वाद झालाच तर संघटना त्याच पानावर उभी राहून बोलणार असते.

आता खरं काम. नव्या शिक्षकाची अडचण बहुतेक वेळा एकच असते: कागद एखाद्या टेबलावर थांबलेला असतो आणि कोणत्या, ते त्याला माहीत नसतं. पहिलं मानधन अडतं ते शालार्थ आयडी (ऑनलाइन वेतन प्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक) तयार नसल्यामुळे, बँक पासबुकावरचं नाव आणि आदेशातलं नाव यांत फरक असल्यामुळे, किंवा मुख्याध्यापकांनी देयकात नाव घेईपर्यंत त्या महिन्याचं देयक पुढे गेलेलं असल्यामुळे. ही तिन्ही कारणं वेगळी आणि तिन्हींचे दरवाजेही वेगळे. 'मानधन मिळालं नाही' एवढंच सांगितलंत तर तालुकाध्यक्ष गटशिक्षणाधिकाऱ्यांना फोन करतील, 'बघतो' असं उत्तर येईल आणि तिथेच संपेल. 'प्रस्ताव अमुक तारखेला, अमुक आवक क्रमांकाने पंचायत समितीत दिला, त्रुटी कळवलेली नाही' असं सांगितलंत तर त्याच फोनला उत्तर द्यावं लागतं.

१ जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. त्याआधी ते ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं. ही वाढ उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आली आणि तिच्यामागे सेवकांची व संघटनांची कितीतरी वर्षांची मागणी होती. तरी आजचा आकडाही पुरेसा नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. नियमित झाल्यावर प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं. तेच काम, तेच वर्ग, आणि तीन वर्षं जवळजवळ अर्ध्या पैशात. संघटनांनी सेवक कालावधी कमी करण्याची मागणी सोडू नये.

सेवापुस्तक_प्रथम_पान:

वरच्या उत्तरात सेवापुस्तकाचा विषय राहिला. माझ्या मते संघटनेने नव्या शिक्षकासाठी पहिलं काम हेच करावं: रुजू झाल्यापासून काही महिन्यांच्या आत तालुक्यातल्या सगळ्या सेवकांची सेवापुस्तकं उघडली गेली का, याची यादी. एकेकट्याने गेलं तर लिपिक 'नंतर या' म्हणतो. संघटनेच्या पत्रावर तीस नावं गेली की शिबिराची तारीख मिळते.

पहिल्या पानावर काय बघायचं ते सांगतो, कारण तिथली चूक पुढे फार महागात पडते. नाव शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची नोंद स्वतंत्र. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही. ही तारीख चुकली तर दुरुस्तीचा अर्ज सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो, नंतर तो विचारातच घेतला जात नाही. जात, प्रवर्ग आणि कोणत्या प्रवर्गातून निवड झाली या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आरक्षित प्रवर्गातला उमेदवार खुल्या जागेवर गुणवत्तेने आला असेल तर तशी नोंद हवी, नाहीतर पुढे बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार पदांच्या नोंदवहीत) घोळ होतो. रुजू दिनांकापुढे मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हेही लिहिलेलं असावं. १२ वर्षांची वरिष्ठ आणि २४ वर्षांची निवड वेतनश्रेणी, सेवाज्येष्ठता, बदलीची सेवा हे सगळे हिशेब याच तारखेशी येऊन थांबतात.

नामनिर्देशन भरा. अविवाहितांचं ते बहुतेक वेळा रिकामं राहतं आणि लग्नानंतर बदलायचं राहून जातं. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र चिकटवलेलं आहे का ते पाहा. दुय्यम सेवापुस्तक स्वतःकडे ठेवा आणि दरवर्षी मूळ पुस्तकावरून त्यातल्या नोंदी साक्षांकित करून घ्या. पंचायत समितीतलं मूळ पुस्तक गहाळ झालं किंवा भिजलं तर हाच आधार.

शालार्थबद्दल एक. नागपूरचं बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण उघड झाल्यानंतर २०२५ मध्ये शिक्षकांचे नियुक्ती आदेश, रुजू अहवाल आणि मान्यतेचे आदेश प्रणालीत चढवण्याची मोहीम सुरू झाली. ज्यांच्याकडे मूळ आदेशाची स्वच्छ प्रत नव्हती त्यांची धावपळ झाली, नेमणूक पूर्ण खरी असूनही. आदेश, रुजू अहवाल, निवड यादीचं पान, पडताळणीची पत्रं हे आजच स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. मोबाइलमधला तिरका फोटो चालत नाही.

कलम_नऊ:

खासगी शाळेतल्या दोघांसाठी लिहितो, कारण त्यांचा कायदाच वेगळा आहे: महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालची १९८१ ची नियमावली. शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित, मान्यताप्राप्त असली की तो लागू होतो. विनाअनुदानित शाळेतल्या कित्येक तरुण शिक्षकांना हे कोणी सांगतच नाही आणि 'तुला कोणताही कायदा नाही' या धमकीवर त्यांची वर्षं निघून जातात. याचा मनापासून संताप येतो.

कलम ५ प्रमाणे कायम रिक्त जागेवरची परिवीक्षा दोन वर्षांची, शिक्षण सेवकाची तीन वर्षांची. काम समाधानकारक नाही या कारणाने या काळात सेवा संपवता येते, पण एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचं वेतन देऊनच. आणि 'समाधानकारक नाही' हे हवेत म्हणता येत नाही. नियम १४ आणि १५ प्रमाणे कामाचं मूल्यमापन आणि गोपनीय अहवाल लिहिलेले असले पाहिजेत, प्रतिकूल शेरा कळवलेला असला पाहिजे. आदेशात गैरवर्तनाचा ठपका असेल तर ती साधी सेवासमाप्ती राहत नाही, चौकशी लागते.

चौकशी समिती तीन जणांची असते (नियम ३६): एक व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने सुचवलेला कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांमधून. आपला सदस्य १५ दिवसांत कळवायचा असतो. इथे संघटनेचा उपयोग शब्दशः होतो. दुसऱ्या शाळेतला, नियमावली वाचलेला आणि व्यवस्थापनाच्या दबावाखाली न येणारा माणूस नव्या शिक्षकाला १५ दिवसांत कुठून सापडणार? जिल्हा शाखेकडे अशा माणसांची यादी असते. मुदत गेली की तुमच्या बाजूचा माणूस समितीत नाही, आणि मग अहवालावर नंतर भांडणं फार कठीण.

सेवा संपवल्याचा आदेश हातात आला की शाळा न्यायाधिकरणाकडे कलम ९ खाली अपील, ३० दिवसांत. पुरेसं कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. 'अध्यक्षांशी बोलणी चालू आहेत' हे सांगत ते ३० दिवस घालवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि सांगताना वाईट वाटतं की काही वेळा संघटनेचे पदाधिकारीच तडजोडीच्या आशेने ती होऊ देतात. बोलणी चालू राहू द्या, अपील दाखल करून ठेवा.

कामगार न्यायालयात जाऊ नका. शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला कामगार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सुंदरांबळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या प्रकरणात ठरवलं. तिथे महिने गेले की इकडची मुदत संपलेली असते. आणि प्रश्न विचारणारे सर, तुमच्यासाठी: जिल्हा परिषदेचा शिक्षक शाळा न्यायाधिकरणातही जात नाही आणि प्रशासकीय न्यायाधिकरणातही नाही. विभागीय अपील १९६४ च्या शिस्त व अपील नियमांखाली, आणि पुढे उच्च न्यायालय. एकाच संघटनेत दोन्ही प्रकारचे शिक्षक असतात म्हणून सल्ल्यात हा गोंधळ नेहमी होतो.

शेवटचा मुद्दा राजीनाम्याचा. रुजू होताना कोऱ्या कागदावर किंवा तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सह्या घेण्याचे प्रकार आजही कानावर येतात. कलम ७ सांगतं की राजीनामा दोन प्रतींत, सही आणि तारखेसह लिहायचा, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. अशी सही झालीच असेल तर त्याच आठवड्यात संघटनेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. तीन वर्षांनी 'तेव्हा जबरदस्तीने घेतली होती' म्हणणं आणि तेव्हाचंच पोच असलेलं पत्र दाखवणं यात खूप फरक आहे.

नवी_नेमणूक:

सर्वांचे आभार. दोन गोष्टी अजून विचारतो. संघटना निवडायची कशी? आणि आमच्यातल्या काहींना रुजू होताच बीएलओचे (मतदार यादीचं काम करणाऱ्या बूथ स्तर अधिकाऱ्याचे) आदेश आलेत. ते नाकारता येतात का?

फळा_आणि_खडू:

बीएलओचं आधी. थेट नाकारू नका, आदेश मोडल्याची कारवाई तुमच्यावर होईल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामं अपवाद म्हणून आहेतच. पण मतदार याद्यांचं काम शिक्षकांनी सुट्टीच्या दिवशी आणि अध्यापनाच्या वेळेबाहेर करावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल या प्रकरणात म्हटलं आहे. म्हणून मागणी 'आदेश रद्द करा' अशी न करता 'अध्यापनाच्या वेळेत हजेरी मागू नये' अशी करा. आणि एकशिक्षकी किंवा दोनशिक्षकी शाळेतल्या सेवकाला आदेश असेल तर पटसंख्या आणि शिक्षकसंख्या लिहून वगळण्याची विनंती. अशी नावं तालुका शाखेने एकत्र करून तहसीलदारांकडे नेली की काही नावं खरोखर बदलली जातात. एकेकट्याचा अर्ज मात्र पडून राहतो. प्रत मुख्याध्यापकांच्या सहीने गटशिक्षणाधिकाऱ्यांना जाऊ द्या.

संघटना निवडताना राज्याचं नाव कितीही मोठं असो, तुम्हाला उपयोग होणार तो तालुका शाखेचा. प्राथमिक शिक्षक संघ, प्राथमिक शिक्षक समिती, शिक्षक परिषद, शिक्षक भारती, माध्यमिकला टीडीएफ (टीचर्स डेमोक्रॅटिक फ्रंट), विदर्भात विमाशि (विदर्भ माध्यमिक शिक्षक संघ), यांपैकी एकाच नावाची शाखा एका तालुक्यात जागती आणि शेजारच्या तालुक्यात नुसती लेटरहेडपुरती असू शकते. गेल्या वर्षभरात दिलेली निवेदनं मागा, पोच असलेली. वार्षिक सभेत हिशेब मांडला का ते विचारा. वर्गणीची पावती घ्याच. न्यायालयीन खर्चासाठी वेगळा निधी आहे का, तो सेवकाला मिळतो का, की सभासदत्वाची काही वर्षं पूर्ण व्हावी लागतात, हेही विचारा. कार्यकारिणीत महिला आहेत का आणि त्या बैठकीत बोलतात का, हे मॅडम मंडळींनी आवर्जून बघावं. दुर्गम शाळेवरची राहण्याची सोय, प्रसूती रजेचा प्रस्ताव, शाळेतलं स्वच्छतागृह हे विषय पुरुष पदाधिकाऱ्यांच्या यादीत आपोआप वर येत नाहीत. आणि कामाच्या ठिकाणी छळाची तक्रार असेल तर संघटनेच्या मध्यस्थीवर ती मिटवू नका. २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. संघटनेने सोबत यावं, मध्ये पडू नये.

पतसंस्थेचंही बोलायला हवं. शिक्षकांच्या पतसंस्था संघटनांच्याच पॅनेलकडे असतात, आणि निवडणूक जवळ आली की सभासद नोंदणीला जोर येतो. पतसंस्था वाईट नव्हे, अडीअडचणीला सावकारापेक्षा कितीतरी बरी. पण १६,००० मानधनातून शेअर, मासिक वर्गणी आणि कर्जाचा हप्ता कापून काय उरतं याचा हिशेब मांडा. संघटनेचं सभासदत्व आणि पतसंस्थेचं सभासदत्व वेगळं आहे. एक घेतलं म्हणून दुसरं घ्यावंच लागतं असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. सेवक असताना दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नका. ओळख, भीड, वडीलधारे सर, काहीही असो.

माहितीचा_अधिकार:

एवढ्या बैठका आणि निवेदनं कशाला? माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांत उत्तर. प्रस्तावाची नस्ती (फाइल) कोणाकडे किती दिवस होती ते लेखी मिळतं.

तालुका_सरचिटणीस:

सर, हत्यार चांगलं आहे, पण पहिलं नव्हे. तीस दिवस म्हणजे मानधनाचा आणखी एक महिना. आधी लेखी स्मरणपत्र, मग संघटनेचं शिष्टमंडळ, आणि तरी हललं नाही तर माहिती अधिकार. अर्ज करताना 'विलंब का झाला' असं विचारू नका, कारण 'का' हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून अर्ज परत येतो. 'आवक क्रमांक अमुकच्या नस्तीवरील टिपणीच्या छायांकित प्रती' असं मागा. अर्ज सेवकाने स्वतःच्या नावाने करावा की शाखेने, हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण आमच्या मते संघटनेच्या एखाद्या सभासदाने केलेला बरा.

तीन वर्षांनंतरच्या नियमितीकरणाबद्दल आता सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे अडकतात. कालावधी संपायच्या तीन महिने आधी कामाला लागा. नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, तिन्ही वर्षांचे गोपनीय अहवाल, शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी, पोलीस चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय दाखला, संगणक अर्हता आणि आरक्षित प्रवर्गासाठी जात वैधता. यातली जात वैधता आणि विद्यापीठाकडून येणारी पदवी पडताळणी या दोनच गोष्टी तुमच्या हातात नाहीत, म्हणून त्या पहिल्याच वर्षी सुरू करा. जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच म्हणजे वैधता नव्हे.

आदेश आला की त्यात 'कधीपासून' हे शब्द वाचा. तीन वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून नियमित वेतनश्रेणी लिहिलेली असावी. आदेशाच्या तारखेपासून लिहिली असेल तर मधल्या महिन्यांचा फरक बुडतो आणि वेतनवाढीची तारीखही पुढे सरकते. लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या. मध्ये विनावेतन रजा झाली असेल तर कालावधी तेवढा पुढे धरला जाऊ शकतो, म्हणून रजा मंजुरीचे आदेश जपून ठेवा. मागचा फरक पुरवणी देयकातून मिळतो आणि त्याला निधी लागतो. एकेकट्याचं पुरवणी देयक वर्षभर पडून राहतं. तालुक्यातल्या सगळ्यांची एकत्र मागणी गेली की निधीच्या मागणीत ती रक्कम दिसते.

कलम_नऊ:

माध्यमिकच्या दोघांना एक सांगायचं राहिलं. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मत देता येतं ते माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत मागच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं शिकवलेल्यांना. राज्यात असे सात मतदारसंघ आहेत. यादी दर निवडणुकीला नव्याने होते, जुन्या यादीतलं नाव आपोआप येत नाही, नमुना १९ (नाव नोंदणीचा अर्ज) भरावा लागतो. सेवक कालावधी पूर्ण झाला की तुम्ही पात्र. प्राथमिक शिक्षकांना हे मत नाही आणि त्यामुळे त्यांचे प्रश्न सभागृहात उशिरा पोचतात, ही खंत आहेच.

नवी_नेमणूक:

आम्ही तालुक्यातल्या सगळ्या सेवकांची एकच यादी करायला घेतो. त्यात कोणते रकाने ठेवावेत?

सेवापुस्तक_प्रथम_पान:

नाव (आदेशाप्रमाणे), शाळा आणि यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदणीतला शाळेचा क्रमांक), रुजू दिनांक, शालार्थ आयडी मिळाल्याची तारीख, शेवटचं मानधन कोणत्या महिन्याचं, सेवापुस्तक उघडलं का, जात वैधता (लागू असेल तर अर्ज क्रमांक), पदवी पडताळणीचं पत्र पाठवल्याची तारीख, कालावधी पूर्ण होण्याची तारीख. शेवटचा रकाना सध्या प्रलंबित कामाचा: प्रस्ताव काय, आवक क्रमांक आणि तारीख, कोणत्या कार्यालयात. मोबाइल क्रमांक आणि बँक खातं या यादीत घालू नका, ती शिष्टमंडळासोबत दहा हातांतून फिरते. दर महिन्याच्या १ तारखेला अद्ययावत करा, कारण देयकं त्यानंतर तयार होतात आणि राहिलेलं नाव त्याच महिन्यात घेता येतं. एक प्रत तालुका शाखेला आणि एक गटशिक्षणाधिकारी कार्यालयात पोच घेऊन द्या.